रद्दीचा परतीचा प्रवास



इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ते तह ज्या कागदावर लिहिले गेले, त्या कागदालाही स्वतःचा इतिहास आहे. लिहून झाल्यावर, काम संपल्यावर त्या कागदाचे पुढे काय झाले, यालाही इतिहास आहे. तो थोडक्यात सांगावा असा या लेखाचा हेतू आहे. शाळा, बँका, दुकाने, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या यांतून आज रोज ढिगांनी कागद बाहेर पडतो. त्याचा पुन्हा कागद करणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ते का सोपे नाही, याचे उत्तर यंत्रशाळेत जेवढे सापडते, त्याहून अधिक इतिहासात सापडते.

प्रथम शब्दच पाहू. 'कागद' आणि 'दप्तर' हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, त्याच वाटेने 'रद्दी' हा शब्दही आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी 'रद्द' या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक नाकारणे आणि दुसरा परत करणे. मराठीने पहिला अर्थ तेवढा उचलला. रद्दी म्हणजे नको झालेला कागद, एवढेच आपण समजतो. वास्तविक रद्दीचे सार्थक त्या दुसऱ्या अर्थात आहे. जो कागद कारखान्यातून आला, तो पुन्हा कारखान्याला परत करणे, हे ते सार्थक होय. या परतीच्या वाटेवर शेकडो वर्षे एकच अडथळा निरनिराळी रूपे घेऊन उभा राहिलेला दिसतो. तो म्हणजे सरमिसळ. वेगळा ठेवला तर तो माल असतो आणि मिसळला की तोच कचरा होतो. हे एक सूत्र मनात धरून आपण पुढे जाऊ.

चिंध्यांपासून सुरुवात

कागद मुळी जन्माला आला तोच टाकाऊ वस्तूंतून. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साइ लुन नावाच्या राजदरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि मासे धरण्याची फाटकी जाळी कुटून कागद केल्याची नोंद आहे. ही विद्या मध्य आशियातून पश्चिमेकडे गेली. ७५१ मध्ये तलास नदीकाठी झालेल्या लढाईत सापडलेल्या चिनी कैद्यांनी ती समरकंदला शिकविली, अशी जुनी कथा आहे. ती कथा शब्दशः खरी मानावी की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु समरकंदचा कागद नावाजला गेला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद होऊ लागला, एवढे निश्चित. तेथील कारागिरांनी लिननच्या चिंध्या आणि जुने दोर हाच मुख्य कच्चा माल केला. म्हणजे एका धंद्याचा टाकाऊ माल हा दुसऱ्या धंद्याचा पाया झाला.

कागद स्वस्त झाला तसा तो दुकानातही शिरला. फारसी प्रवासी नासिर खुसरो १०४७ मध्ये कैरोला पोहोचला. तेथील दुकानदार भाजीपाला आणि मसाले कागदात बांधून देतात, हे पाहून त्याला मोठे नवल वाटले व ते त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवले. पुढे १२०० च्या सुमारास बगदादचा हकीम अब्दुल लतीफ इजिप्तमध्ये गेला असता, प्राचीन थडग्यांतील मृतदेहांना गुंडाळलेले कापड काढून लोक कागद करणाऱ्यांना विकतात आणि त्यातून वाण्यांसाठी बांधणीचा कागद होतो, असे त्याला आढळले. चिंध्यांची गरज किती वाढली होती, याची यावरून कल्पना यावी.

आपल्याकडील कागदी

आता आपल्या भूमीकडे वळू. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या परिसरात कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा आलेल्या लोकांत कागद करणारे कारागीर होते आणि त्यांनी येथे वस्ती केली, असे परंपरा सांगते. जुन्नर, एरंडोल हीही कागदाची जुनी ठिकाणे होत. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आजही त्याच नावाने ओळखला जातो. हा धंदा करणाऱ्यांत मुसलमान कुटुंबे पुष्कळ होती, आणि 'कागदी', 'कागजी' ही आडनावे आजही आपल्या शाळांच्या हजेरीपटावर आढळतात.

या कारागिरांचे काम असे चाले. जुने दोर, फाटकी गोणपाटे, चिंध्या आणि रद्दी जमवावयाची, ती निवडावयाची, चुन्याच्या पाण्यात भिजत घालावयाची, पायाने चालणाऱ्या जड लाकडी हातोड्याने कुटावयाची, नदीवर नेऊन पुन्हा पुन्हा धुवावयाची. मग तो लगदा हौदात कालवून बारीक काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलावयाचा, सुकवावयाचा, खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. मराठेशाहीतील पत्रे, हिशेब आणि सनदा या अशाच घोटीव कागदावर लिहिल्या गेल्या. ज्या दप्तरांवरून आपण आज इतिहास शिकतो, त्यांच्या तळाशी कोणाच्या तरी फाटक्या गोण्या आणि झिजलेले दोर आहेत.

या सर्व कामात कुटणे कष्टाचे होते, परंतु निर्णायक काम होते ते निवडण्याचे. रंगीत चिंधी पांढऱ्यात गेली, लोकरीचा तुकडा सुती मालात गेला, तर सबंध हौद बिघडे. युरोपातील कागदगिरण्यांतही हीच स्थिती होती. तेथे चिंध्या निवडण्यासाठी स्वतंत्र दालन असे आणि बहुधा स्त्रिया तेथे बसून बटणे, टाके, गाठी काढीत. एकोणिसाव्या शतकात या चिंध्यांबरोबर देवीचा रोगही गिरण्यांत येई आणि तो प्रथम त्या निवडणाऱ्या बायकांना गाठी. इतरांनी सरमिसळ करून टाकलेल्या वस्तूचा धोका निवडणाऱ्याच्या हाताला सोसावा लागतो, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

शाई धुण्याचा प्रयत्न

चिंध्यांचा कागद झाला, पण छापलेल्या कागदाचा पुन्हा पांढरा कागद होईल काय? हा प्रश्न जर्मनीतील गटिंगेन येथील युस्टुस क्लाप्रोट या कायद्याच्या प्राध्यापकाला पडला. त्याने एका कागदगिरणीवाल्याच्या मदतीने प्रयोग केले आणि १७७४ मध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. छापील कागद कुटून, आपल्याकडील मुलतानी मातीच्या जातीच्या मातीने धुऊन शाई काढता येते, असे त्याने दाखविले. ती पुस्तिकाही त्याने अशाच नव्या केलेल्या कागदावर छापून घेतली.

लंडनमध्ये मॅथियस कूप्स याने हाच विचार व्यापारी प्रमाणावर केला. कागदावरील शाई काढण्याचे पेटंट त्याने १८०० मध्ये घेतले आणि नेकिंजर गिरणीत काम सुरू केले. कागदाच्या इतिहासावरील आपल्या पुस्तकाची १८०१ ची आवृत्ती त्याने जुन्या कागदापासून केलेल्या कागदावर छापली. कृती यशस्वी झाली, पण धंदा कर्जात बुडाला आणि थोड्याच वर्षांत त्याचा कारभार आटोपला. विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबून विचार करा. रद्दीपासून कागद करण्याची युक्ती जगाला सव्वादोनशे वर्षांपासून माहीत आहे. अडले ते युक्तीवाचून नव्हे. स्वच्छ, एका जातीची रद्दी, पुरेशा प्रमाणात, नियमित आणि परवडेल अशा भावात मिळणे, हे खरे अडलेले काम होते आणि आजही तेच आहे.

१८४४ मध्ये सॅक्सनीतील फ्रीड्रिख केलर याने लाकूड दळून लगदा करण्याची रीत शोधली. पुढे लाकडाच्या लगद्याने चिंध्यांची जागा घेतली, कागद अतिशय स्वस्त झाला आणि स्वस्त झाल्यामुळेच तो फेकण्याजोगा झाला. आपल्याकडे सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८२० मध्ये कागदासाठी वाफेचे इंजिन आणले. पुढे मोठ्या गिरण्या निघाल्या आणि हातकागदाचे कारागीर मागे पडत गेले. १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला, तेव्हा हातकागदाला पुन्हा हात मिळाला. १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांनी हातकागद संस्था उभी राहिली. हातकागदासाठी कपड्यांच्या कारखान्यांतील सुती कातरण वापरतात. शिवणयंत्राखालून निघालेली ही कातरण एका जातीची आणि स्वच्छ असते, म्हणूनच तिचा उत्तम कागद होतो. कारखान्याच्या टाकाऊ मालाचा योग्य उपयोग कसा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

इतिहासाने दिलेले दोन इशारे

आता तुम्ही म्हणाल, मग सगळी रद्दी गोळा करून गिरणीत घातली की काम झाले! तसे नाही. इतिहासाने याबाबत दोन इशारे दिले आहेत.

पहिला इशारा दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडचा. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर तेथून येणारा लाकडाचा लगदा थांबला. सरकारने रद्दी जमविण्याची मोहीम जोरात चालविली आणि १९४२ मध्ये तर कागद जाळणे किंवा कचऱ्यात टाकणे हा गुन्हा ठरविला. व्यापारी पेढ्या, वकिलांच्या कचेऱ्या, ग्रंथालये यांनी कपाटे रिकामी केली. त्या उत्साहात जुन्या खातेवह्या आणि दस्तऐवज असे कितीतरी अमोल साहित्य लगद्यात गेले. जुन्या कागदपत्रांच्या जतनासाठी झटणाऱ्या तेथील संस्थेला, टाकण्यापूर्वी पाहून घ्या, असे वारंवार विनवावे लागले. संस्थेच्या कागदांत काय द्यावयाचे आणि काय राखावयाचे, हे आधी ठरलेले नसेल, तर रद्दीच्या पोत्यात इतिहासही जातो.

आपल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी याच्या उलट काम केले. गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांतील कागदपत्रे वाळवी, पाऊस आणि रद्दी यांच्या तावडीतून सोडवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. ते कागद रद्दीत गेले असते, तर पानिपताविषयी आज आपण कितीतरी कमी जाणत असतो.

दुसरा इशारा अमेरिकेचा आहे. कचेऱ्यांत एकाच वेळी दोन-तीन प्रती निघाव्यात म्हणून तेथे कार्बनविरहित नक्कल कागद निघाला. १९५७ ते १९७१ या काळात त्यावरील लेपात पीसीबी नावाचे घातक रसायन वापरले जात होते. हा कागद इतर कचेरी-रद्दीबरोबर मिसळून शाई काढणाऱ्या गिरण्यांत गेला. गिरण्यांचे सांडपाणी मिशिगन राज्यातील कॅलामाझू नदीत गेले. ते रसायन सहज नाश पावणारे नव्हे. ते नदीच्या गाळात बसले आणि माशांच्या शरीरात उतरले. १९९० मध्ये अमेरिकन सरकारने त्या नदीचा समावेश अतिप्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत केला आणि पुढे कित्येक वर्षे गाळ उपसण्याचे काम चालले. जो कागद कचेरीतील कारकुनाला निरुपद्रवी वाटत होता, त्याने नदी बिघडविली. म्हणून कागद कोणता आहे हे न पाहता तो रद्दीत घालणे, हे नेहमीच पुण्याचे काम नसते.

आजच्या अडचणी

आज छापील कागदावरील शाई काढण्याची रीत पुष्कळ सुधारली आहे. लगद्यात साबणासारखी द्रव्ये घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे १९६१ मध्ये संपूर्णपणे जुन्या वर्तमानपत्रांपासून वृत्तपत्री कागद करणारी गिरणी सुरू झाली. भारतात आज तयार होणाऱ्या कागदापैकी निम्म्याहून अधिक कागद व पुठ्ठा रद्दीपासून होतो. मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण कागदाच्या स्वभावाची. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत तुटून आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते ताव धरू शकत नाहीत. म्हणून वहीचा पांढरा कागद पांढऱ्यात गेला तर त्याची पुन्हा वही होऊ शकते, पण तोच पुठ्ठ्यात मिसळला तर त्याचा खोकाच होतो. खालच्या पायरीवर उतरलेला कागद पुन्हा वर चढत नाही.

दुसरी अडचण आपल्या सोयींनी निर्माण केली आहे. चहाचा कागदी पेला दिसतो कागदाचा, पण आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. दुकानातील यंत्रातून निघणारे बिल उष्णतेने छापलेले असते. त्यावरील रासायनिक लेप पुन्हा लगद्यात जाणे इष्ट नाही. प्रशस्तिपत्रकावर प्लॅस्टिकचे आवरण, पाकिटाला प्लॅस्टिकची खिडकी, पुस्तकाच्या पाठीला चिकट सरस, प्रत्येक गठ्ठ्याला टाचण्या! लेझर छपाईची शाई तर स्वतःच प्लॅस्टिकची भुकटी असून ती कागदावर वितळून बसलेली असते, म्हणून वर्तमानपत्राच्या शाईपेक्षा ती निघावयास कठीण जाते. या सर्वांवर जेवणाच्या डब्यातील रस्सा सांडला की उत्तम कागदही कुजण्याच्या मार्गाला लागतो.

तिसरी अडचण भावाची. रद्दीचा भाव जागतिक बाजारावर चढतो-उतरतो. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, तेव्हा रद्दीचे भाव अकस्मात कोसळले आणि वेचणाऱ्यांच्या घरची चूल त्याबरोबर मंदावली. पुढे २०१७ मध्ये चीनने जाहीर केले की परदेशांतील चोवीस प्रकारचा कचरा आपण घेणार नाही. त्यात न निवडलेली रद्दीही होती. २०१८ मध्ये ही बंदी अमलात आली. निवडलेल्या रद्दीतही परकी भेसळ शेकडा अर्ध्याहून अधिक चालणार नाही, म्हणजे हजार किलोंच्या गासडीत पाच किलोंहून जास्त नको, असा नियम त्याने केला. श्रीमंत देशांची यंत्रेही तेवढी निवड सहजी साधू शकली नाहीत. त्यांच्या गोदामांत गासड्या साचल्या. 'मिसळला की कचरा' हे सूत्र यावेळी साऱ्या जगाला मान्य करावे लागले. आपला देशही परदेशांतून रद्दी विकत आणतो, आणि त्याच वेळी आपल्याच कचेऱ्यांतील चांगला कागद ओल्या कचऱ्यात मिसळून कचराभूमीवर जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

चौथी अडचण खास संस्थांची आहे, ती गुप्ततेची. उत्तरपत्रिका, बँकेची कागदपत्रे, रुग्णांचे अहवाल, ओळखपत्रांच्या प्रती हे कोणाच्याही हाती पडू नये, हे योग्यच. म्हणून अनेक ठिकाणी कागद यंत्राने बारीक चिरून टाकतात. पण चिरल्याने तंतू आखूड होतात आणि चिरलेला कागद जातीनिहाय निवडता येत नाही. चिरण्यापूर्वीच पांढरा कागद वेगळा ठेवला, तर गुप्तताही राहते आणि मालही राहतो. सरकारी कागदपत्रांच्या बाबतीत १९९३ च्या कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय ती नष्ट करता येत नाहीत. खासगी संस्थांनीही, कोणता कागद किती वर्षे ठेवावयाचा, याचा तक्ता करून ठेवावा हे बरे.

पाचवी अडचण नाजूक आहे आणि ती आपल्या संस्थांना जवळची आहे. ज्या पानांवर कुरआन शरीफच्या आयती किंवा अल्लाहचे नाव असते, ती पाने रद्दीत द्यावयास मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु ती पाने इतर कागदांत मिसळलेली असल्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर सगळाच ढीग वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतो, नाही तर कंटाळून सगळाच विकला जातो आणि ती पाने पुडी बांधण्यास जातात. वर्गातच ती पाने वेगळी ठेवली, तर त्यांचा अदब राखून वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांची व्यवस्था करता येते आणि उरलेला कागद निःशंकपणे देता येतो. लिखित शब्दाचा आदर करण्याची ही रीत जुनी आहे आणि अनेक धर्मांत आहे. कैरोतील यहुदी प्रार्थनास्थळात असे कागद एका खोलीत शतकानुशतके टाकले जात होते. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्यांपैकी सुमारे दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. धार्मिक पानांबरोबर त्यांत व्यापाऱ्यांची पत्रे आणि हिशेबही निघाले, त्यांपैकी काही हिंदुस्थानच्या व्यापाराविषयी होते.

निवडणारे हात

आतापर्यंत मी कागदाविषयी बोललो. आता ज्यांच्या जिवावर हे सारे चालते, त्या माणसांविषयी बोलतो.

कचेरीतून निघालेली रद्दी गिरणीपर्यंत जाते ती वेचक, फेरीवाला, रद्दीचे दुकान, वखार आणि घाऊक व्यापारी अशा साखळीने. या साखळीत सर्वांत कमी मिळते ते सर्वांत जास्त निवडणाऱ्याला. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. 'आम्ही कचरा करीत नाही, कचऱ्यातून माल काढतो' असा त्यांच्या मागणीचा भावार्थ होता. पुढे याच चळवळीतून 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी तर दररोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या संस्थांवर, कचरा जागीच वेगळा करण्याची आणि पुन्हा वापरता येणारा माल अधिकृत वेचकांकडे किंवा कारखानदारांकडे देण्याची जबाबदारी टाकली. नियम आले, पण ज्या संस्थेत टोपली एकच आणि तिच्यात चहाची पत्ती, उष्टे आणि कोरे कागद एकत्र, तेथे नियम कागदावरच राहतो, आणि तो कागदही ओला होतो!

आपल्या समाजात रद्दी आणि भंगाराचा धंदा करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काही पालक स्वतः त्या धंद्यात असतील. वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला, की काही मुले खाली मान घालून 'बिझनेस' एवढेच सांगतात, असा अनुभव आम्हा शिक्षकांना येतो. त्या मुलांना माझे सांगणे आहे. बाळांनो, समरकंदपासून कागजीपुऱ्यापर्यंत ज्या कारागिरांनी चिंध्या आणि दोर निवडून जगाला पुस्तके दिली, त्यांच्याच साखळीतील तुमचे वडील आहेत. कोणता कागद कशात जातो, कोणता जात नाही, हे बोटांनी चाचपून सांगण्याचे ज्ञान पुस्तकांत सहसा मिळत नाही. ते त्यांच्याकडून शिकून घ्या आणि त्याला शाळेतील रसायनशास्त्राची आणि हिशेबाची जोड द्या. आणि इतर मुलांना सांगणे आहे की 'भंगारवाला' हा शब्द चिडविण्यासाठी वापरू नका. तुम्ही मिसळून टाकलेले तो निवडतो.

पालकांना एक विनंती. मुलाला रद्दी वेचावयास पाठवून त्याची शाळा बुडवू नका. ज्या हातांनी निवडण्याचे काम केले, त्या हातांच्या पुढच्या पिढीने लिहावे, हिशेब ठेवावा, कारखाना चालवावा, यासाठीच शिक्षण आहे.

आपण काय करावे?

मोठी यंत्रे उभारणे आपल्या आवाक्यात नाही. पण आपल्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयात, दुकानात आणि दवाखान्याच्या कारकुनी खोलीत पुढील गोष्टी आजही करता येतील.

एक : कागदासाठी तीन पोती ठेवावीत. एकात पांढरा लिहिलेला व छापलेला कागद, दुसऱ्यात पुठ्ठा आणि खोकी, तिसऱ्यात वर्तमानपत्रे व रंगीत कागद. कागदाच्या पोत्यांजवळ चहाचा पेला नेऊ नये.

दोन : अदबीची पाने आणि जपून ठेवण्याची कागदपत्रे यांसाठी दोन स्वतंत्र पेट्या ठेवाव्यात. शाळेचे जुने हजेरीपट, इमारतीची कागदपत्रे, पहिल्या सभांची इतिवृत्ते विकू नयेत. तो आपला इतिहास आहे.

तीन : टाचण्या काढून डबीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या आवरणाची प्रशस्तिपत्रके शक्य तेथे टाळावीत. दुकानाची बिले कागदाच्या पोत्यात घालू नयेत.

चार : कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्याशिवाय तो पोत्यात जाऊ नये. ज्याचा पुनर्वापर घरीच झाला, त्याला गिरणीचा खर्च लागत नाही.

पाच : रद्दी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाला, वजन करून, पावती घेऊन द्यावी. एकाच माणसाला नियमित चांगला माल मिळाला, तर त्यालाही चांगला भाव देणे परवडते. मिळालेल्या पैशांतून गरजू विद्यार्थ्यांना वह्या देता येतील, आणि त्या वह्या पुन्हा केलेल्या कागदाच्या असल्या तर फारच उत्तम.

या कामासाठी देणगी नको, सभा नको, ठराव नको. फक्त टाकणाऱ्या हाताने टाकण्यापूर्वी एक क्षण थांबावयाचे आहे. क्लाप्रोट आणि कूप्स यांना जे यंत्राने साधले नाही, चीनच्या नियमांपुढे मोठमोठ्या गोदामांना जे साधले नाही, ते शाळेतील पाचवीच्या मुलाला साधू शकते, कारण तो कागद त्याच्या हातून सुटण्यापूर्वी अजून मिसळलेला नसतो.

ही स्मरणिकाही एक दिवस जुनी होईल. ज्यांना ती जपावीशी वाटेल त्यांनी जपावी. ज्यांना देऊन टाकावीशी वाटेल त्यांनी तिची टाचणी काढून, कोरड्या पोत्यात, तिच्या जातीच्या कागदाबरोबर ठेवावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.